नऊ मतं

लुरेन काथोमेन गेला त्या आठवड्यात
त्याच्या नावाची सहा पत्रं आली.
एक विजेचं बिल, एक बियाण्यांचं सूचीपत्र,
आणि चार, अजूनही त्याला सन्माननीय सदस्य म्हणणारी.
चौतीस वर्षं पोस्टात काढली मी,
मेलेल्या माणसाची पत्रं कुठे परत धाडायची ते मला ठाऊक आहे.
ही चार मात्र अजून माझ्या खणात आहेत.

पहिल्यांदा निवडून आला तेव्हा टाय नव्हता त्याच्याकडे.
मास्तरांचा उसना घेतला, हिरवा, टोकाला शाईचा डाग.
पहाटे चारला सात गायींच्या धारा,
मग लाल गाडीने दोन तास कूरपर्यंत,
दहाला सभागृहात हजर.
तिथले वकील म्हणे तो आला की खिडक्या उघडायचे.
सांगताना स्वतःच हसायचा,
"वास माझा नाही रे, तुमच्या अंदाजपत्रकाचा."

घरी रोमान्श, सभागृहात जर्मन,
चिडला की दोन्हीही नाही, नुसता कान खाजवायचा.
खिशात तेलकट पुठ्ठ्याची वही.
पुलाचा कठडा. वरच्या आळीचा नळ.
म्हातारीची पेन्शन, खाली तीन रेघा.
फेब्रुवारीत कडा सुटला, दोन गोठे गेले
आणि क्लाविनाचा धाकटा.
त्या पानावर फक्त तारीख आहे.
मग अकरा वर्षं तो डोंगरावरच्या पोलादी कुंपणासाठी भांडला.
आज कुंपण आहे. सात रांगा.
पाटीवर इंजिनिअरचं नाव.

आता माझं सांगते.
बायकांना मत द्यायचं का, हे गावातले पुरुष ठरवणार होते,
प्रार्थनेनंतर, हात वर करून.
त्या सभेच्या नोटिसा घरोघर मीच टाकल्या,
गुडघाभर बर्फातून,
माझ्या घरीसुद्धा, नवऱ्याच्या नावाची.
सभेचं दार उघडं होतं. मी बाहेर, खांद्याला रिकामी पिशवी.
लुरेन उठला, म्हणाला, "घाई नको."
एवढंच.
हात खालीच राहिले.
मी आणखी बारा वर्षं टपाल वाटलं.

पुढे कायदा वरून आला, कूरहून,
आणि त्याच्या बाजूने याने हात वर केला होता.
मला येऊन काही बोलला नाही.
चीज बांधून आणलेल्या वर्तमानपत्रात वाचलं मी,
अर्धं नाव तुपकट होऊन पुसलेलं.

शाळेत अकरा पोरं होती, मग सात, मग पाच.
बंद करायच्या कागदावर सही त्याची.
आपल्याच खोऱ्याची शाळा!
दुकानात लोक त्याच्याकडे पाठ करून पाव घेऊ लागले.
त्या निवडणुकीत तो पडला. नऊ मतांनी.

दुसऱ्या दिवशी तिकिटं घ्यायला आला.
"नऊतलं एक तुझं," म्हणाला.
विचारत नव्हता.
मी सुट्टे मोजत राहिले, दोनदा चुकले.
"बरं केलंस. मीही तेच केलं असतं.
पण आकडे माझ्या टेबलावर होते, तुझ्या नव्हते."
तिकिटं वहीत ठेवली आणि गेला.

हिवाळा लागला तसं गाव पाहत राहिलं,
पाच पोरांना खालच्या शाळेत नेणारी पिवळी गाडी
लुरेन चालवतोय.
चाकांना साखळ्या स्वतः बांधायचा, हात निळे पडेपर्यंत.
पगार होता की नव्हता, कुणी विचारलं नाही.
क्लाविनाची नात पुढच्या सीटवर,
त्याच्या वहीत गायी काढत बसायची.
सहा हिवाळे. मग डोळे गेले.

प्रेतयात्रेला कूरहून एक मोटार आली,
वळणावर रुतली, आम्हीच ढकलली.

खणातल्या चारांपैकी एकावर लाल शिक्का आहे, तातडीचे.
कधी कधी काढून बघते.
फोडत नाही, तेवढी शिस्त अजून आहे अंगात.
परत आत सरकवते.
घाई नको.